भावकीचा गुणक

नवं मशीन आलं त्या दिवशी प्रयोगशाळेत पहिली चर्चा झाली ती चिठ्ठीची. जुन्या मशीनच्या उजव्या अंगाला, चिकटपट्टीखाली, पिवळी पडलेली एक चिठ्ठी अकरा वर्षं मुक्काम ठोकून होती. तिच्यावर निळ्या शाईत एवढंच लिहिलेलं : गुणिले ०.६८. साहेब म्हणाले, "ताई, जुनं मशीन भंगारात द्यायच्या आधी तेवढी चिठ्ठी सांभाळून काढा आणि नव्याला लावा." एवढं लखलखीत यंत्र आणलं, आणि त्याला पहिली गरज कशाची, तर जुन्या चिठ्ठीची!

ताई म्हणजे थेंबताई. हजेरीपटावर तिचं दुसरं नाव आहे, पण त्याने तिला कुणी हाक मारत नाही. नळीतून आम्ल सोडताना ती ओठातल्या ओठात थेंब मोजते. घरी चहात दूध घालतानाही मोजते, असं तिचा नवरा सांगायचा. तो जाऊन सहा वर्षं झाली. बंदराच्या मागच्या रस्त्यावर दोन मजली इमारत, खाऱ्या हवेने फुगून कधीच नीट न मिटणाऱ्या खिडक्या, कोपऱ्यात माशांच्या तुकड्यांनी गच्च भरलेला आडवा फ्रीज, आणि या सगळ्यात एकतीस वर्षं थेंबताई. तिचं काम एका वाक्यात सांगता येतं. माशाच्या मांसात पारा किती आहे, ते मोजायचं.

पारा समुद्रात जातो कारखान्यांतून आणि कोळशाच्या धुरातून. लहान माशांच्या अंगात तो थोडा थोडा साठतो, त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांच्या अंगात बराच, आणि मोठे मासे आपल्या ताटात येतात. धडधाकट माणसाला त्याने लगेच काही होत नाही. पोटातल्या बाळाच्या मेंदूला मात्र होतं. म्हणून हद्द ठरलेली आहे : किलोमागे अर्धा मिलिग्रॅम. आकडा पॉइंट पन्नासच्या आत असेल तर खुशाल खा. वर गेला तर पोटुशी बाईने हात आखडता घ्यायचा.

त्या समुद्राला पाच देशांचे किनारे. मासा काही पासपोर्ट दाखवून पोहत नाही, हे पाचही सरकारांना उशिरा का होईना कळलं आणि त्यांनी एक सामाईक तक्ता सुरू केला. दर महिन्याला पाच प्रयोगशाळांनी आपापले आकडे त्यात भरायचे, ते कुणालाही बघता यायचे. पाचही जणांची मापं सारखी आहेत ना, हे तपासायला दर दोन वर्षांनी सामाईक कचेरीतून परीक्षेची बाटली यायची. एकाच माशाची वाळवून केलेली भुकटी, पाच बाटल्यांत वाटलेली. प्रत्येकाने मोजायची, ठरल्या वेळी आकडा भरायचा, आणि पाचांची सरासरी हेच बरोबर उत्तर धरायचं.

आता जिथे सरासरी, तिथे फोन आलाच. मुदत संपायच्या आधी पाचही गावांतून फोन फिरायचे : "तुझा किती आला?" सुरुवात भल्या हेतूने झाली होती. एकदा एकाचं दशांश चिन्ह एक घर सरकलं आणि बिचाऱ्याची पाच देशांत शोभा झाली. तेव्हापासून आधी एकमेकांना विचारून घ्यायचं, म्हणजे कुणाचीच फजिती नको. हे कुणाला चूक वाटलं नाही. उलट, आपल्यात किती एकी आहे, असंच सगळे म्हणायचे.

या फोनांत पहिला आकडा नेहमी मास्तरांचा. मास्तर म्हणजे पलीकडच्या किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. पाच ठिकाणच्या लोकांपैकी चौघांना नळी हातात कशी धरायची, हे त्यांनीच शिकवलेलं. अकरा वर्षांपूर्वी थेंबताईच्या हातात पहिल्यांदा स्वतंत्रपणे बाटली आली, तेव्हा तिचा आकडा मास्तरांच्या दीडपट आला होता. मास्तर फोनवर मायेने म्हणाले, "अगं, तुझं मशीन वर वाचतंय. गुणक लाव." तिने लावला. मास्तर म्हणाले म्हटल्यावर शंका घ्यायची कुणी? बाकीच्या तिघांनीही आपापले गुणक लावले. 'भावकीचा गुणक' हे नाव थेंबताईनेच हसत हसत दिलेलं. भावकीत नांदायचं तर थोडं इकडचं तिकडे करावंच लागतं, असं ती म्हणायची. पण गुणक एकदा लागला तो नुसता बाटलीला नाही लागला. दर महिन्याच्या प्रत्येक माशाला लागला.

यंदा सामाईक कचेरीने नियम बदलला. सरासरी बंद. या खेपेची भुकटी दूरच्या एका संस्थेकडून बनवून घेतलेली, तिच्यात पारा किती हे त्यांनी आधीच मोजून ठेवलेलं, आणि कचेरी ताकास तूर लागू देत नव्हती. गुरुवारी दुपारी चारला आकडे भरणं बंद होणार आणि त्याच क्षणी तक्त्यात सगळ्यांसमोर खरं उत्तर उघडणार. पत्र वाचून साहेब म्हणाले, "मग तर जुळवून घेणं आणखीच गरजेचं. पाच जण एकसारखे चुकले तर लोक म्हणतील, परीक्षकच चुकला."

त्या गुरुवारी सकाळी दहाला थेंबताईने भुकटी नव्या मशीनमध्ये घातली. चिठ्ठी अजून जुन्यावरच होती. नव्या मशीनचा कोरा आकडा एकदा बघावा, मग गुणक आहेच, असा तिचा साधा हिशेब. पडद्यावर आलं : ०.६२. तिने भांडी पुन्हा धुतली, पुन्हा मोजलं. ०.६२. मग जुनं मशीन सुरू करून त्याच्यावरही गुणकाशिवाय मोजलं. ०.६१. दोन वेगळ्या कंपन्यांची मशीनं, दोघांच्या वयात वीस वर्षांचं अंतर, मापाचं द्रावण, म्हणजे ज्याच्याशी ताडून मशीन पारा मोजतं ते, नव्या सीलबंद बाटलीतलं. दोघं मिळून एकच खोटं बोलतील हे काही पटण्यासारखं नव्हतं.

तिने लगेच कागदावर दुसरा एक आकडा लिहिला. गेल्या महिन्यात भर समुद्रातल्या मोठ्या माशाचा तिनेच तक्त्यात भरलेला : ०.३८. त्यातून गुणक काढून टाकला तर होतो ०.५६. म्हणजे हद्दीच्या वर. आणि हा मासा तिची एकुलती एक लेक आठवड्यातून चार-पाच दिवस खात होती.

लेक दिली होती पलीकडच्या किनाऱ्याला, मास्तरांच्याच गावात. सातवा महिना. पहिले तीन महिने पोटात पाणी ठरत नव्हतं, आणि ठरला तो हा मासा. मग जावई बंदरावरून ताजा आणू लागले. परवाच लेक फोनवर हसत सांगत होती, "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोठा मासा जपून खा. मी म्हटलं, अहो, माझी आई स्वतः मोजते. तक्त्यात अडतीस आहे, उघडून बघा." थेंबताईला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता! आता तो आठवून तिला स्वतःचीच शिसारी आली.

अकराला तिने मास्तरांना फोन लावला.

"बोल गं," मास्तर म्हणाले. "तुझा किती?"

"तुमचा, सर?"

"एक्केचाळीस. तुझाही त्याच्याच आसपास असणार."

"सर, राग मानू नका. मशीनवर थेट किती आला?"

पलीकडे कुणीतरी कपबशी ठेवल्याचा आवाज आला.

"थेट म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही काही लावायच्या आधी."

"साठ," मास्तर म्हणाले.

थेंबताईला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "तुम्हीपण गुणक लावता?"

"पॉइंट एकोणसत्तर. तुझा?"

"अडुसष्ट. पण सर, आम्ही तर तुमच्यासाठी..."

"ऐक," मास्तरांचा आवाज खाली आला. "अकरा वर्षांपूर्वी माझ्याकडे मापाच्या द्रावणाची बाटली होती ना, तिचं बूच ढिलं होतं. पाणी उडून द्रावण घट्ट झालं होतं, त्यामुळे माझे सगळे आकडे खाली येत होते. मला ते कळलं चार महिन्यांनी. नवं द्रावण आणलं, आकडा वर गेला. पण तोवर तुम्ही चौघं माझ्याशी जुळला होतात. मी म्हटलं, चार प्रयोगशाळा खोट्या कशा असतील? माझं नवं द्रावणच बिघडलेलं असणार."

"आम्ही तुमच्याकडे बघून जुळवत होतो, सर."

"आणि मी तुमच्याकडे बघून."

ज्याचं त्याचं मशीन बरोबर होतं, आणि जो तो दुसऱ्याला खरा मानून आपलं खोटं करून घेत होता. अकरा वर्षं! शहाण्यासुरत्या, चष्मे लावणाऱ्या पाच माणसांनी! या गोष्टीवर हसावं की कपाळ बडवावं, हे ज्याने त्याने ठरवावं. थेंबताईला दोन्ही सुचलं नाही.

"आता असं कर," मास्तर म्हणाले. "आज बेचाळीस भर. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतोय. मग तुम्ही सगळे मिळून गुणक हळूहळू काढून टाका. दर महिन्याला थोडा थोडा. कुणाच्या लक्षातही येणार नाही. एवढी वर्षं काढली, शेवटच्या महिन्यात माझी अब्रू नको काढूस, पोरी."

"सर, माझी लेक तुमच्या गावात आहे. तिला सातवा महिना आहे."

"माहीत आहे. मागच्या आठवड्यात दिसली होती बाजारात. मासा घेत होती."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलणार? तक्त्यात अडतीस आहे," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही. मास्तरांनी तिला शिकवलं होतं, नवरा गेला तेव्हा दोन दिवसांचा प्रवास करून ते दारात येऊन उभे राहिले होते. त्यांच्या आकड्याखाली आपला आकडा झुकवायला तिला कधी कष्ट पडले नव्हते. आजही बेचाळीस लिहिणं तिच्या हाताला सोपं होतं, आणि त्या सोपेपणाचाच तिला धसका बसला.

एक वाजता डबा उघडला, तसाच मिटला. फोन हातात घेऊन ती मागच्या जिन्यात जाऊन बसली. लेकीचा नंबर पडद्यावर आणला. मग मनाशी म्हणाली, घाई नको. चारला खरं उत्तर एक्केचाळीस निघालं तर? साध्या मशीनच्या खोडीपायी पोटुशी पोर उगाच घाबरून बसायची. तीन तासांत काय आभाळ कोसळतंय? आधी खात्री होऊ दे. हे ऐकायला किती समंजस वाटतं! खरी गोष्ट अशी की लेकीला सांगणं म्हणजे स्वतःला सांगणं होतं, आणि थेंबताईची तेवढी छाती होत नव्हती. तिने फोन खिशात टाकला. यात तिची बाजू घेण्यासारखं काही नाही, आणि ती स्वतःही ती घेत नाही.

अडीचला साहेब आले. तिने दोन्ही मशीनचे कागद त्यांच्यापुढे ठेवले आणि मास्तरांचं बोलणं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हणजे आपण बासष्ट भरायचा?"

"हो."

"बाकी चौघं एक्केचाळीस-बेचाळीस. आपण एकटे पडणार, ताई. उत्तर त्यांच्या बाजूने निघालं तर आपली प्रयोगशाळा तक्त्यातून बाहेर."

"आणि आपल्या बाजूने निघालं तर?"

"ते तर आणखी वाईट!" साहेब जवळजवळ ओरडले. "मग अकरा वर्षं उकरून काढतील. दीड हजार नोंदी आहेत. आणि प्रत्येकीखाली सही कुणाची आहे, सांगू?"

"माझी आहे, साहेब. मला माहीत आहे."

"चौकशी लागेल. तुम्हाला तीन वर्षं राहिलीत. कशाला हातचं सोडून पळत्याच्या मागे लागता?"

"लोक मासा खाताहेत, साहेब."

साहेबांनी कागद एकावर एक नीट रचले, पुन्हा विस्कटले. ते वाईट गृहस्थ नव्हते; घाबरट होते. शेवटी उठून म्हणाले, "तुम्हाला भरायचं ते भरा. मी दुपारभर वरच्या मजल्यावर बैठकीत होतो." वरच्या मजल्यावर कुठलीही बैठक नव्हती. साहेब वर जाऊन खुर्चीत बसून राहिले, आणि त्यांच्या येरझाऱ्यांचा आवाज थोड्या वेळाने खाली ऐकू यायला लागला.

साडेतीन. पावणेचार. तक्त्याचं पान उघडून थेंबताई बसली. आकड्याची चौकट रिकामी, खाली शेऱ्याची चौकट रिकामी. तिने ०.४२ लिहिलं. पुसलं. मास्तरांचा फोन वाजला, तिने तो घेतला नाही. पुन्हा वाजला, पुन्हा नाही घेतला. आयुष्यात मास्तरांचा फोन तिने पहिल्यांदाच वाजू दिला होता.

मग तिने लिहिलं : ०.६२. शेऱ्यात लिहिलं : गेल्या अकरा वर्षांतले आमचे सर्व आकडे ०.६८ने गुणून भरलेले आहेत. ते चुकीचे आहेत. ते मी भरले आहेत. जुन्या सगळ्या नोंदी नव्याने तपासाव्यात. चारला आठ मिनिटं कमी असताना तिने बटण दाबलं.

उरलेली आठ मिनिटं तिच्या एकतीस वर्षांपेक्षा लांब होती. कारण आता तिला एक विचित्र गोष्ट कळली. आपला आकडा बरोबर निघावा, हीच तिची जन्मभराची इच्छा. त्यासाठी ती थेंब मोजत आली. आणि आज ती मनापासून, जीव तोडून मागत होती की आपण चुकलेलो असावं. नवं मशीन खोटं निघावं, जुनं खोटं निघावं, पाच देशांत छीथू व्हावी, नोकरी जावी. खरं उत्तर फक्त एक्केचाळीस निघावं. तेवढ्याने लेकीचे गेले चार महिने धुऊन निघाले असते.

चारला पान आपोआप बदललं. एकाखाली एक पाच ओळी आल्या.

०.४१. ०.४२. ०.४२. मग तिचा, ०.६२. आणि शेवटी मास्तरांचा. तिने वाचला, मग पडद्याजवळ तोंड नेऊन पुन्हा वाचला. ०.६०. शेऱ्याच्या चौकटीत मास्तरांनी एकच ओळ लिहिली होती : मूळ चूक माझ्या प्रयोगशाळेची आहे, इतरांनी माझ्यावर विश्वास ठेवला. न घेतलेले दोन फोन हेच सांगायला होते की काय, कोण जाणे. तिचे डोळे भरून आले.

त्याखाली खरं उत्तर उघडलं : ०.६१.

जिना दणाणला. साहेब दोन-दोन पायऱ्या उतरून आले, त्यांचा चेहरा फुललेला. "ताई, आपण बरोबर! आपण आणि मास्तर, दोघंच! अहो, बघताय काय? वरून फोन आला तर मीच सांगतो, आमच्या ताईंनीच चूक पकडली म्हणून!" चौकशीची भीती ते तेवढ्या वेळापुरती विसरले होते. थेंबताईने मान हलवली आणि त्यांच्या बाजूने निघून ती मागच्या जिन्यात गेली.

लेकीने लगेच फोन उचलला. "आई? या वेळेला कशी काय?"

"घरात मासा आहे का?"

"दुपारचा उरलाय थोडा. का गं?"

"फेकून दे. आणि आजपासून तो मोठा मासा खायचा नाही. अजिबात नाही. उद्या सकाळी डॉक्टरीणबाईंकडे जा, रक्तातला पारा तपासायला सांग."

"आई, काय झालंय? तक्त्यात तर अडतीस..."

"अडतीस नाही. छप्पन्न आहे. तो आकडा चुकीचा होता."

"कुणी भरला होता चुकीचा?"

"मी."

लेकीच्या घरातला पंखा फिरल्याचा आवाज इकडे ऐकू येत होता. मग तिने हळू आवाजात विचारलं, "केव्हा कळलं तुला?"

खोटं बोलायला जागा होती. चारला, म्हटलं असतं, तर तेही अगदीच खोटं नव्हतं. शिक्का चारलाच बसला होता.

"सकाळी दहाला," थेंबताई म्हणाली.

"दहाला?" लेकीचा आवाज चिरकला. "मी दीडला जेवले, आई. पोटभर जेवले. तेव्हा तुला माहीत होतं?"

"माहीत होतं," ती म्हणाली, आणि लेक आता काय म्हणते ते ऐकायला फोन कानाशी धरून उभी राहिली.